पी ०.०८ आणि वगळलेले आठ रुग्ण

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं असेल तर सांगा. ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी एक नवं आणि एक जुनं औषध अशी तुलना तुम्ही थिसिससाठी केली. रुग्णांना एकाआड एक असं दोन गटांत टाकलं. नव्या औषधाच्या गटात ३६ रुग्ण आले, जुन्याच्या गटात ३२. ज्यांना मधेच दुसरं वेदनाशामक द्यावं लागलं त्यांना वगळलं (नव्यातले ६, जुन्यातले २) आणि दोन्हीकडे ३०-३० उरले. २४ तासांनी ० ते १० या पट्टीवर वेदनेचा सरासरी गुण नव्या औषधाला ३.१ (एसडी, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, १.८) आणि जुन्याला ३.९ (एसडी १.७) आला. दोन सरासरींची तुलना करणाऱ्या टी-टेस्टची पी व्हॅल्यू ०.०८ (०.०५ च्या खाली आली तरच फरक ‘सिग्निफिकंट’ मानतात). गाइड म्हणतात, आणखी दहा-दहा रुग्ण घ्या, नाहीतर मॅन-व्हिटनी (सरासरीऐवजी गुणांचे क्रम बघणारी टेस्ट) लावून बघा, नाहीतर पुरुष-बायका वेगळे करून बघा. ६ तासांच्या गुणांवर पी ०.०३ येते, तर तोच मुख्य निकाल दाखवावा का, हेही तुमच्या मनात आहे. नव्या औषधाने कुणालाच गंभीर दुष्परिणाम झाला नाही म्हणून ते सुरक्षित आहे असं लिहायचंय. आणि हे झालं की ४०० जुन्या केसपेपरांवरून पुढचा अभ्यास करायचाय.

तुमचा मुख्य प्रश्न ‘कुठली टेस्ट लावू’ हा आहे. त्याचं उत्तर छोटं आहे: टी-टेस्टच ठेवा. सरासरीतून एसडीची दुप्पट वजा केली तर ३.१ वजा ३.६, म्हणजे उणे ०.५ येतं. वेदनेचा गुण शून्याखाली जात नाही, त्या अर्थी तुमचा डेटा थोडा एका बाजूला कललेला असणार. पण प्रत्येकी ३० रुग्ण असताना टी-टेस्ट एवढा कल सहन करते. मॅन-व्हिटनीमध्ये वाईट काही नाही, सिनॉप्सिसमध्ये (अभ्यासाआधी दिलेल्या आराखड्यात) आधीच लिहिली असती तर मी तीच लावा म्हटलं असतं. पण ०.०८ बघितल्यावर दुसरी टेस्ट लावायची आणि ०.०४ आली तर तिचं नाव छापायचं, हे म्हणजे ताप कमी दाखवणारा थर्मामीटर मिळेपर्यंत थर्मामीटर बदलत राहण्यासारखं आहे.

आता ०.०८ म्हणजे काय ते बघू, कारण तुमच्या लिखाणात ‘फरक नाही’ असे शब्द आहेत आणि ते चूक आहेत. दोन्ही औषधं खरोखर सारखीच असती तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक १०० अभ्यासांपैकी सुमारे ८ अभ्यासांत दिसला असता, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. नवं औषध निरुपयोगी असण्याची शक्यता ८ टक्के, असा तो नाही. ‘फरक नाही हे सिद्ध झालं’ असा तर मुळीच नाही. ०.०५ ही रेघ संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये सोयीची म्हणून सुचवली. ती निसर्गनियम असल्यासारखी वापरू नका, हे २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं. तरी परीक्षक पहिली नजर त्या रकान्यावरच टाकतात, हे मलाही माहीत आहे.

म्हणून कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला. हाताने काढता येतो. १.८ चा वर्ग ३.२४, १.७ चा वर्ग २.८९, बेरीज ६.१३. तिला ३० ने भागलं की ०.२०४, त्याचं वर्गमूळ ०.४५. हा फरकाचा स्टँडर्ड एरर, म्हणजे योगायोगाने तो फरक किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप. फरक ०.८ आहे. त्यात ०.४५ ची दुप्पट मिळवा आणि वजा करा: उणे ०.१ ते १.७. तुमच्या निकालाचं खरं वाक्य हे आहे. नवं औषध जुन्यापेक्षा नावापुरतं वाईट असण्यापासून ते जवळजवळ पावणेदोन गुणांनी चांगलं असण्यापर्यंत, यातल्या कुठल्याही शक्यतेशी तुमचा डेटा जुळतो. आता रुग्णाच्या बाजूने विचारा, किती गुणांचा फरक त्याला जाणवतो? ऑपरेशननंतरच्या वेदनेत साधारण एक गुण धरतात. तुमच्या पल्ल्यात एकापेक्षा कमीही येतं आणि जास्तही येतं. म्हणजे हा अभ्यास ‘हो’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. थिसिसमध्ये तसंच लिहायचं.

असं का झालं याचं उत्तर सॅम्पल साइझमध्ये आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘सोयीनुसार ६० रुग्ण’ असं असणार, हा माझा अंदाज. बहुतेक सिनॉप्सिसमध्ये तेच असतं. हिशोब असा: एसडी १.८, पकडायचा फरक १ गुण, पी ची रेघ ०.०५, पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) ८० टक्के. सूत्रात २ गुणिले ७.८४ (ही रेघ आणि ही पॉवर यांतून येणारा ठरावीक आकडा) गुणिले ३.२४ (एसडीचा वर्ग) भागिले फरकाचा वर्ग, म्हणजे प्रत्येक गटात ५१ रुग्ण. दहा टक्के गळती धरली तर ५७. अर्ध्या गुणाचा फरक पकडायचा असता तर आकडा चौपट होऊन प्रत्येकी २०४ वर गेला असता, कारण फरक वर्गात बसलाय. ३०-३० रुग्णांत एका गुणाचा खरा फरक पकडण्याची शक्यता साधारण ५६ टक्केच होती. नाणं उडवल्यापेक्षा जरा बरं, एवढंच. आणि आता निकाल लागल्यावर सॉफ्टवेअरमधून ‘पोस्ट-हॉक पॉवर’ काढून छापू नका. तो आकडा म्हणजे पी व्हॅल्यूच, फक्त कपडे बदलून आलेली.

मग गाइड म्हणतात तसे दहा-दहा रुग्ण आणखी घ्यायला काय हरकत आहे? माणूस म्हणून मला त्यांची अडचण समजते. पण ‘निकाल बघायचा, आवडला तर थांबायचं, नाही आवडला तर पुढे जायचं’ या पद्धतीत ०.०५ ला ०.०५ चा अर्थ उरत नाही. सारख्या अंतराने दोनदा डोकावलं तर खोटा फरक ‘सिग्निफिकंट’ दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ८ च्या पुढे जाते, पाचदा डोकावलं तर १४, दहादा डोकावलं तर १९ टक्के. डोकावणं बेकायदा नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये मधेच आकडे बघतातच, औषध घातक निघालं तर थांबवायला हवं म्हणून. फक्त किती वेळा बघणार ते आधी ठरवतात आणि प्रत्येक वेळची रेघ कडक करतात. संख्याशास्त्रज्ञ पोकॉक यांच्या १९७७ च्या पद्धतीत दोनदा बघायचं असेल तर दोन्ही वेळा रेघ सुमारे ०.०२९ ला असते. तुम्ही आधी काही ठरवलं नव्हतं. आता रुग्ण वाढवायचेच असतील तर एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, आणि ‘६० रुग्णांवर पी ०.०८ आल्यावर संख्या वाढवली’ हे वाक्य मेथड्समध्ये छापा. ते छापायची तयारी नसेल तर वाढवू नका.

६ तासांच्या ०.०३ चंही तेच. २, ६, १२, २४ असे चार वेळचे गुण तुमच्याकडे आहेत. चार तिकिटं घेऊन एकाला बक्षीस लागलं की ‘मी एकच घेतलं होतं’ म्हणायचं नाही. सिनॉप्सिसमध्ये २४ तास लिहिलंय, मुख्य निकाल २४ तासांचाच राहील. ६ तासांचा आकडा दुय्यम म्हणून इंटरव्हलसकट दाखवा, लपवण्याचं कारण नाही. नेमकी ही अदलाबदल पकडता यावी म्हणून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००५ पासून चाचणीची आगाऊ नोंदणी सक्तीची केली.

पुरुष-बायका वेगळे करून बघण्यावर माझं एक आवडतं उदाहरण आहे. आयसिस-२ ही हार्ट अटॅकवरची १७,१८७ रुग्णांची चाचणी, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली. ॲस्पिरिन दिलेल्यांत पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने ९.४ टक्के रुग्ण दगावले, न दिलेल्यांत ११.८ टक्के. निकालात शंकेला जागाच नव्हती. उपगट पाडून दाखवा अशी मागणी आली तेव्हा संशोधकांनी जन्मराशीचेही गट पाडून छापले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, उलट किंचित तोटाच, असं त्यात निघालं! सतरा हजार रुग्णांत राशी असा खेळ करते, तर तुमच्या ३० जणांतल्या अकरा बायकांत काय काय दिसेल, विचार करा. (याच उदाहरणात आणखी एक गोष्ट बघून ठेवा. ११.८ वरून ९.४ हे ‘मृत्यू पाचव्या हिश्श्याने घटले’ असंही सांगता येतं आणि ‘साधारण ४२ रुग्णांना औषध दिलं की एक जीव वाचतो’ असंही. दोन्ही खरं आहे. औषधाच्या जाहिरातीत पहिलं येतं. तुम्ही दोन्ही लिहा.)

इथवरचं सगळं कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळालं असतं. माझं लक्ष वेगळ्याच ठिकाणी अडकलं. पी व्हॅल्यूवर तुम्ही परिच्छेद लिहिलेत आणि वगळलेल्या आठ रुग्णांवर अर्धं वाक्य. मला विचाराल तर तुमचा अख्खा अभ्यास त्या अर्ध्या वाक्यात आहे.

ज्यांना मधेच दुसरं वेदनाशामक द्यावं लागलं ते रुग्ण कोण? ज्यांना आपल्या औषधाचा पुरेसा गुण आला नाही ते. सगळ्यात जास्त कळ ज्यांना आली ते. त्यांना बाजूला काढून उरलेल्यांची सरासरी काढणं म्हणजे नापास मुलांना हजेरीपटातून काढून वर्गाचा निकाल जाहीर करणं. आणि हे काढणं दोन्हीकडे सारखंही झालेलं नाही. नव्यातून ६, जुन्यातून २. म्हणजे नव्या औषधाची सरासरी जास्त चाळली गेली.

किती फरक पडतो ते कागदावर मांडतो. समजा या आठही जणांचा गुण सरासरी ६ धरला. हा आकडा माझा, तुमच्या चार्टमधला नव्हे. नव्या गटात ३० जणांचे ३.१ प्रमाणे ९३ गुण, अधिक सहा जणांचे ३६, मिळून १२९, भागिले ३६, म्हणजे ३.५८. जुन्या गटात ३० जणांचे ११७, अधिक दोघांचे १२, मिळून १२९च, भागिले ३२, म्हणजे ४.०३. फरक ०.८ वरून ०.४५ वर आला. कुठलीही टेस्ट न बदलता जवळजवळ निम्मा फरक उडाला. ०.०८ चं ०.०४ करणाऱ्या सगळ्या युक्त्या एकत्र केल्या तरी निकाल एवढा हलणार नाही.

शिवाय दुसऱ्या औषधाची गरज पडणं हा स्वतःच एक निकाल आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने कदाचित जास्त खरा. नव्यात ३६ पैकी ६, म्हणजे १७ टक्के. जुन्यात ३२ पैकी २, म्हणजे ६ टक्के. फरक १० टक्क्यांचा, पल्ला उणे ४ ते २५, म्हणजे यावरूनही छातीठोक काही म्हणता येत नाही. पण दिशा बघा. गुणांची सरासरी नव्या औषधाकडे झुकते आणि हा आकडा जुन्याकडे. हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले की वाचणारा डॉक्टर स्वतःचं मत बनवू शकतो. पहिलाच छापला तर त्याची फसगत होते, तुमच्या मनात तसं काही नसलं तरी.

यावर नेहमी येणारं उत्तर मला पाठ आहे: ‘सर, दुसरं औषध दिल्यावर गुण त्या औषधाचा की आपल्या, कसं कळणार?’ प्रश्न रास्त आहे. म्हणूनच चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, आयसीएचच्या ई-९ ला २०१९ मध्ये जोडलेल्या पुरवणीत, मधे घडणाऱ्या अशा घटनांचं काय करायचं ते आधीच ठरवा असं म्हटलंय. पर्याय बरेच आहेत. जादा औषध देण्याच्या क्षणी जो गुण होता तोच पुढे धरायचा. किंवा जादा औषध लागलं म्हणजे ‘औषध अपयशी’ असं धरून सगळ्यात वाईट क्रम द्यायचा (आणि मग मॅन-व्हिटनी खरोखर कामाची ठरते, गाइडना सांगा). किंवा काहीही झालं तरी २४ तासांचा प्रत्यक्ष गुण घ्यायचा. प्रत्येक पर्याय वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. रुग्ण वगळणं हा मात्र पर्याय नाही. ज्याला ज्या गटात टाकलं, त्याला त्याच गटात मोजायचं.

आता त्याहून अवघड जागा. तुम्ही म्हणता रुग्ण एकाआड एक टाकले. एकाआड एक ६८ रुग्ण टाकले तर ३४-३४ व्हायला हवेत. ३६ आणि ३२ होऊच शकत नाहीत.

मी कुणावर आरोप करत नाही. रात्रीच्या ड्युटीवर कुणाला आठवलं नसेल मागचा कुठल्या गटात गेला, कुणाकडे एक औषध संपलं असेल. पण अजून एक शक्यता असते आणि ती मी पुष्कळदा पाहिली आहे. पुढचा नंबर कुठल्या औषधाचा हे ड्युटीवरच्या डॉक्टरला माहीत असतं. समोरचा रुग्ण फार कळवळतोय, त्याला ‘चांगलं’ औषध मिळावं असं मनापासून वाटतं, आणि क्रम एका घराने सरकतो. हेतू चांगला, अभ्यासाचा मात्र पाया हलतो. एकाआड एक पद्धतीचा दोष तो क्रम साधा असण्यात नाही, पुढचा क्रम दिसण्यात आहे.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या क्षयाचे १०७ रुग्ण, ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ मृत्यू, दुसऱ्यात १४. लोकांना हे आकडे आठवतात. चाचणीचे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची खरी करामत लिफाफ्यात होती. रँडम आकड्यांवरून क्रम तयार केला, प्रत्येक क्रमांकाची चिठ्ठी बंद लिफाफ्यात घातली, आणि रुग्ण चाचणीत घ्यायचं पक्कं झाल्यावरच लिफाफा उघडायचा. पुढे कोणतं औषध आहे हे रुग्ण निवडणाऱ्याला कळूच द्यायचं नाही. तुम्हालाही एवढंच करायचं होतं. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही, अपारदर्शक लिफाफे आणि अभ्यासाबाहेरचा एक माणूस लागतो.

झालेलं आता बदलणार नाही, पण लिहिता येतं. ‘वाटप एकाआड एक होतं, क्रम लपवलेला नव्हता, प्रत्यक्ष संख्या ३६ आणि ३२ झाल्या, कारण असं असं’ हे मेथड्समध्ये, आणि मर्यादांमध्ये त्याचा परिणाम. ‘रँडमाइज्ड’ हा शब्द शीर्षकातून काढा. परीक्षक रागावतील अशी भीती असेल तर माझा अनुभव सांगतो: स्वतःहून लिहिलेल्या दोषावर परीक्षक दोन मिनिटं बोलतात, त्यांनी शोधून काढलेल्या दोषावर अर्धा तास.

पहिल्या टेबलमध्ये वय, वजन, लिंग यांच्यापुढे पी व्हॅल्यूंचा रकाना दिसतोय, तो काढून टाका. त्या टेबलात फक्त गट कसे होते ते दाखवायचं असतं. आणि वेदनेच्या गुणापुढे ‘अधिक-उणे ०.३३’ असं जे छापलंय तो स्टँडर्ड एरर आहे, १.८ ला ३० च्या वर्गमूळाने भागल्यावर येणारा. रुग्णांमधली विविधता दाखवायची तर एसडी लिहायचा. स्टँडर्ड एरर लहान दिसतो म्हणून लोकांना आवडतो.

सुरक्षिततेचं वाक्य. नव्या औषधाच्या ३६ रुग्णांत गंभीर दुष्परिणाम शून्य. ‘तीनचा नियम’ म्हणून एक सोपी गोष्ट आहे: काहीच घडलं नसेल तर ३ ला रुग्णसंख्येने भागा, ती ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा. ३ भागिले ३६ म्हणजे ८ टक्के. दर बारा रुग्णांमागे एकाला गंभीर त्रास देणारं औषधसुद्धा तुमच्या अभ्यासातून स्वच्छ सुटून जाऊ शकतं. म्हणून ‘सुरक्षित आहे’ ऐवजी ‘३६ रुग्णांत गंभीर दुष्परिणाम आढळला नाही, वरची मर्यादा ८ टक्के’ असं लिहा. ३० ने नाही, ३६ ने भागायचं, हे लक्षात आलं असेलच.

पुढच्या अभ्यासाबद्दल. ४०० केसपेपर आहेत म्हणून अडचण येणार नाही असं तुम्हाला वाटतं. मोठ्या संख्येने पल्ला अरुंद होतो, बायस (एकाच दिशेला ओढणारी चूक) जात नाही. १९८६ मध्ये मुतखड्याच्या उपचारांवर ७०० रुग्णांची एक तुलना प्रसिद्ध झाली. उघड्या शस्त्रक्रियेत ३५० पैकी २७३ यशस्वी, ७८ टक्के. त्वचेतून छिद्र पाडून खडा काढण्याच्या पद्धतीत ३५० पैकी २८९, ८३ टक्के. दुसरी पद्धत सरस दिसते. आता खड्याच्या आकाराने वेगळं करा. २ सेंटिमीटरपेक्षा लहान खडे: उघडी शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१ (९३ टक्के), छिद्राची पद्धत २७० पैकी २३४ (८७ टक्के). मोठे खडे: २६३ पैकी १९२ (७३ टक्के) आणि ८० पैकी ५५ (६९ टक्के). लहानातही उघडी शस्त्रक्रिया पुढे आणि मोठ्यातही पुढे, एकत्र केलं की मात्र मागे! कारण अवघड, मोठे खडे बहुतेक उघड्या शस्त्रक्रियेकडे गेले होते. केसपेपरमध्ये हेच असतं. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं, आणि तो विचार कागदावर नसतो. तेव्हा चार्ट भरायच्या आधी बसून यादी करा: डॉक्टरने हे औषध का निवडलं असेल? त्या प्रत्येक कारणाला रकाना हवा. खड्याचा आकार नोंदलाच नसता तर ७०० काय, ७ लाख रुग्ण असते तरी उत्तर चुकलंच असतं.

त्यात तुम्ही ‘सहा महिने औषध घेणारे’ आणि ‘न घेणारे’ यांच्या आयुष्याची तुलना करणार आहात. सहा महिने औषध घ्यायला सहा महिने जगावं लागतं. ही मोफत मिळालेली सहा महिन्यांची हमी औषधाच्या खात्यावर जमा होईल. मोजणी दोघांची एकाच क्षणापासून सुरू करा.

आणि मुख्य निकाल म्हणून सीआरपी (रक्तातलं, शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन) किती उतरलं ते धरू नका. रक्तातला किंवा ईसीजीवरचा आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असं नसतं. कास्ट या चाचणीत हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके दाबणारी औषधं, एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड, देऊन पाहिली. ठोके दबतात हे आधीच दिसलं होतं, डॉक्टर ही औषधं लिहूनही देत होते. १९८९ मध्ये चाचणीतला हा भाग थांबवावा लागला. १९९१ च्या अहवालात औषधाच्या ७५५ रुग्णांत ६३ मृत्यू होते, औषध नसलेल्या नकली गोळीच्या ७४३ रुग्णांत २६.

हॉस्पिटलमधल्या मुक्कामाचे दिवस घेणार असाल तर सरासरीऐवजी मध्यक (आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा) द्या. ३, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६ आणि एक बिचारा ४३ दिवस: सरासरी ८, मध्यक ४. आठ दिवस राहिलेला त्यात एकही नाही.

रिकाम्या जागांत ९९ भरू नका. उमेदीच्या काळात एका अभ्यासाचा चार्ट माझ्याकडे आला होता, त्यात न मिळालेल्या वयांच्या जागी ९९ होते. मी तपासलं नाही. सरासरी वय चार वर्षांनी वाढून छापलं गेलं, आणि चर्चेच्या भागात ‘आमचे रुग्ण तुलनेने वयस्कर होते’ असा एक ऐटबाज परिच्छेदही आला. तेव्हापासून कुठलाही चार्ट आला की आधी प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा बघतो.

सध्या एवढं करा. वगळलेल्या आठ जणांचे केसपेपर काढा. जादा औषध कितव्या तासाला दिलं, त्या क्षणी गुण किती होता, आणि २४ तासांचा गुण नोंदलाय का, हे तीन रकाने भरा. मास्टर चार्टमधून त्यांच्या ओळी डिलीट केल्या असतील तर परत टाका. भरतीच्या तारखांप्रमाणे सगळे ६८ रुग्ण ओळीने लावा आणि क्रम कुठे कुठे मोडला तिथे खूण करा. मोडला त्या दिवशी ड्युटीवर कोण होतं हे मला नको, फक्त त्या रुग्णांचे पहिले नोंदलेले गुण बाजूला लिहा. मग शीट पाठवा, टेस्टचं तेव्हा बघू.